जोड टिकावा, वस्तूही टिकावी

काही काळापूर्वी धाराशिव जिल्ह्यातील एका लहानशा गावच्या प्राथमिक शाळेस भेट देण्याचा योग आला. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाटातून एक जुने दाखल-खारीज रजिस्टर काढून समोर ठेवले. निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षांतील ते रजिस्टर होते. वाळवी, गळके छप्पर आणि तीन वेळा झालेले इमारतीचे स्थलांतर या साऱ्यांतून ते सुखरूप वाचले होते. मध्यंतरी केव्हातरी त्यातील एक पान उभे फाटले आणि कोणा दक्ष शिक्षकाने ते पारदर्शक चिकटपट्टी लावून जोडले. आज त्या पट्टीचा वरचा पापुद्रा सुटून पडला आहे. पट्टीखालची शाई पुसट झाली आहे, आणि कागदावर तेलकट तपकिरी डागाचा एक रुंद पट्टा कायमचा उमटला आहे. आजोबांच्या नावाची नोंद शोधीत आलेल्या एका शेतकऱ्यास त्या पानावर नावाचा केवळ पूर्वार्ध वाचता आला.

मराठवाडा हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. त्यामुळे येथील जुन्या नोंदी उर्दू, मोडी आणि मराठी अशा निरनिराळ्या लिपींत व निरनिराळ्या दप्तरांत विखुरलेल्या आहेत. कुणबी नोंदींच्या पडताळणीसाठी २०२३ मध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा महसूल, शिक्षण, ग्रामपंचायत अशा अनेक विभागांच्या दप्तरांतून अशी जीर्ण पाने पुन्हा उजेडात आली. एका पानावरील एका ओळीस केवढे मोल असू शकते हे त्या काळात अनेकांनी अनुभवले. अशा वेळी ज्या चिकटपट्टीची किंमत दोन-चार रुपयेही नसेल, ती चुकीच्या जागी लावल्याने केवढी हानी होते, याचा विचार करणे अगत्याचे ठरते.

गोंद, डिंक, चिकटपट्टी या गोष्टी आपल्या घरात, शाळेत आणि कार्यालयात नित्य वापरात असतात. त्यांची निवड मात्र बहुधा हाताशी जे असेल त्यावरून होते, आणि चिकटलेले काढण्याचे काम नखाने, सुरीने किंवा मिळेल त्या द्रवाने उरकले जाते. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे. त्याचे सार एका वाक्यात सांगता येईल: कोणतीही वस्तू चिकटविण्यापूर्वी ती पुढे सोडवावी लागेल काय, आणि लागल्यास कशी सोडविता येईल, हे आधी ठरवावे.

चिकटणे म्हणजे काय?

शास्त्रीय परिभाषेत ज्यास आसंजक म्हणतात, तो गोंद आरंभी पातळ असतो. तो दोन्ही पृष्ठभागांवर पसरतो, त्यांच्या सूक्ष्म खाचांत व छिद्रांत शिरतो, त्यांच्या कणांना धरून ठेवतो आणि मग घट्ट होतो. हे घट्ट होणे तीन प्रकारे घडते. डिंक, खळ व सुतारकामाचा पांढरा गोंद यांतील पाणी उडून गेल्यावर ते घट्ट होतात. लाख व राळ उष्णतेने वितळतात आणि थंड झाल्यावर आळतात. इपॉक्सी व ‘फेविक्विक’सारख्या झटपट गोंदांमध्ये मात्र रासायनिक क्रिया घडून एक नवाच पदार्थ तयार होतो.

या तीन प्रकारांतच सोडविण्याची किल्ली दडलेली आहे. जो गोंद पाणी उडून घट्ट झाला, तो बहुधा पुन्हा पाण्याने मऊ पडतो. जो थंड होऊन आळला, तो पुन्हा उष्णतेने सुटतो. जो रासायनिक क्रियेने घट्ट झाला, तो मात्र सहजासहजी मागे फिरत नाही. त्यासाठी विशिष्ट द्रावक लागते, नाहीतर तो खरवडूनच काढावा लागतो.

गोंद पसरण्यासाठी पृष्ठभाग स्वच्छ, कोरडा व तेलविरहित असला पाहिजे. पुष्कळदा जोड निसटतो तो गोंद वाईट असतो म्हणून नव्हे, तर मधे धूळ वा तेलाचा थर राहिलेला असतो म्हणून. तसेच गोंदाचा थर जाड असावा ही समजूतही बरोबर नाही. बहुतेक गोंद पातळ थरात आणि चांगल्या दाबाखाली अधिक मजबूत होतात.

पूर्वजांचे गोंद

आपल्या दख्खनच्या पठारावर बाभूळ व धावडा या झाडांचा डिंक पूर्वापार गोळा केला जातो. तो पाण्यात भिजवून कागद चिकटविण्यास वापरीत. पतंग किंवा पाकीट चिकटविण्यास भाताची चार शिते पुरत. धनगर समाजातील विणकर घोंगडीच्या ताण्यास चिंचोक्याची खळ देतात. पुस्तके बांधणारे कारागीर पिठाची खळ शिजवीत. सुतार जनावरांची कातडी व हाडे यांपासून केलेला सरस गरम करून लाकडास लावीत, तर सोनार पोकळ दागिन्यांत लाख भरीत.

या सर्व पदार्थांत एक समान गुण आहे. पाण्याने किंवा ऊब देऊन ते सोडविता येतात. सरसाने जोडलेली पेटी बिघडली, तर जाणकार सुतार वाफ व गरम पाणी वापरून तिचे सांधे सुटे करी व लाकडास इजा न होता ती पुन्हा जोडी. त्यामुळे वस्तूचे आयुष्य तिच्या जोडापेक्षा मोठे ठरे.

विसाव्या शतकात ही स्थिती पालटली. पांढरा कृत्रिम गोंद ‘फेविकॉल’ या नावाने १९५९ मध्ये भारतीय बाजारात आला आणि सुताराच्या चुलीवरील सरसाचे भांडे हळूहळू नाहीसे झाले. झटपट चिकटणाऱ्या सायनोअॅक्रिलेटचा शोध अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत १९४२ मध्ये हॅरी कूव्हर या संशोधकास लागला आणि १९५८ पासून तो गोंद म्हणून विकला जाऊ लागला. या नव्या द्रव्यांनी मोठी सोय केली, यात शंका नाही. मात्र ‘अधिक मजबूत तो अधिक चांगला’ अशी एक समजूतही त्यांच्याबरोबर रूढ झाली. ती नेहमीच खरी नसते.

तेरचे उदाहरण

याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा व्यापारी नगर म्हणून उल्लेख आहे. तेथील कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात पक्वमृदेच्या मूर्ती, मृद्भांडी, मणी आणि हस्तिदंती शिल्प पाहावयास मिळते. दोन हजार वर्षे मातीत राहिलेले भांडे क्वचितच अखंड मिळते. जगभरच्या संग्रहालयांत असे तुकडे जोडताना एक तत्त्व कटाक्षाने पाळले जाते: जोड असा असावा की तो पुढे सोडविता यावा, आणि गोंद मूळ वस्तूपेक्षा किंचित दुबळा असावा. यासाठी ‘पॅरालॉइड बी-७२’ नावाची राळ अनेक ठिकाणी वापरली जाते. ती अॅसिटोनमध्ये पुन्हा विरघळते. तुकडा चुकीच्या जागी बसला असे पन्नास वर्षांनी लक्षात आले, तरी भांड्यास इजा न करता तो काढता येतो. शिवाय भांड्यास धक्का लागलाच, तर आधी जोड सुटतो आणि प्राचीन माती नव्याने फुटत नाही.

घरातील खुर्चीस हे तत्त्व जसेच्या तसे लागू नाही. तिच्यावर माणूस बसावयाचा असतो, तेथे मजबुतीच हवी. पण आजोबांचे छायाचित्र, जमिनीचे खरेदीखत, शाळेचे रजिस्टर किंवा वाडवडिलांची पोथी या वस्तूंना मात्र तेरच्या मृद्भांड्याचाच नियम लावला पाहिजे.

योग्य गोंदाची निवड

गोंद घेण्यापूर्वी स्वतःस चार प्रश्न विचारावेत. जोडावयाच्या दोन्ही वस्तू कशाच्या आहेत? त्यांना पाणी, ऊन किंवा उष्णता लागणार आहे काय? जोडावर वजन वा ताण येणार आहे काय? आणि तो जोड पुढे सोडवावा लागण्याचा संभव आहे काय?

साधा कागद, पाकिटे, शाळेतील हस्तकला यांसाठी डिंक किंवा खळ पुरेशी आहे. मुलांच्या हाती हीच देणे श्रेयस्कर.

लाकूड व प्लायवूड यांसाठी पांढरा गोंद योग्य. दोन्ही बाजूंस पातळ थर द्यावा, बाहेर आलेला गोंद ओला असतानाच फडक्याने पुसून घ्यावा आणि जोड शिकंज्यात किंवा वजनाखाली रात्रभर ठेवावा. साधा पांढरा गोंद सतत पाणी लागणाऱ्या जागी टिकत नाही. तेथे जलरोधक प्रकार मागून घ्यावा.

चामडे, रबर व चप्पल-बुटांचे तळवे यांसाठी चर्मकार वापरतात ते रबरी सोल्यूशन उपयोगी. ते दोन्ही बाजूंस लावून काही मिनिटे सुकू द्यावे आणि हातास ओले लागेनासे झाले म्हणजे दोन्ही भाग एकदम दाबावेत. ओले असतानाच जोडण्याची घाई केल्यास जोड उचलतो.

काच, चिनीमाती, धातू व दगड यांसाठी दोन भागांत मिळणारे इपॉक्सी चांगले. दोन्ही द्रव्ये वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावीत. घट्ट करणारे द्रव्य जास्त घातल्याने जोड अधिक पक्का होत नाही, उलट कच्चा राहतो. ज्या भांड्यात अन्न किंवा पिण्याचे पाणी ठेवावयाचे, ते मात्र अशा गोंदाने जोडून पुन्हा वापरात आणू नये. अन्नसंपर्कासाठी सुरक्षित असल्याचा स्पष्ट उल्लेख वेष्टनावर असल्यासच त्याचा विचार करावा.

लहान, नेमक्या बसणाऱ्या तुकड्यांसाठी झटपट गोंद सोयीचा. तो हवेतील व पृष्ठभागावरील ओलाव्याने घट्ट होतो. एक थेंब पुरतो. थर जाड झाला तर तो नीट धरत नाही. धक्का व वाकवणे त्यास सोसत नाही, म्हणून चपलेच्या पट्ट्यास तो लावणे व्यर्थ होय.

प्लास्टिकच्या बाबतीत विशेष सावध असावे. टंचाईच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यात घरोघरी पाण्याची पिंपे व कॅन असतात. ती बहुधा पॉलिथिलीनची असतात. या पृष्ठभागावर नेहमीचा कोणताही गोंद धरत नाही. चिरलेले पिंप गोंदाने जोडण्यात पैसे घालविण्याऐवजी ते उष्णतेने सांधणाऱ्या कारागिराकडे न्यावे. पीव्हीसी नळाचे मात्र तसे नाही. त्यासाठी मिळणारे सॉल्व्हंट सिमेंट नळाचा पृष्ठभागच किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करते. नळ सरळ कापावा, कडा घासून साफ कराव्यात, दोन्ही भाग कोरडे करून पातळ थर द्यावा, किंचित फिरवून आत बसवावा आणि सुमारे अर्धा मिनिट धरून ठेवावा. वेष्टनावर सांगितलेला वेळ जाऊ दिल्याशिवाय पाण्याचा दाब सोडू नये, व पहिले पाणी पिण्यासाठी घेऊ नये. हा जोड सुटत नाही. चुकल्यास नळ कापावा लागतो. म्हणून ग्रामपंचायतीच्या नळपाणी योजनेचे काम करणाऱ्याने सिमेंट लावण्यापूर्वी सर्व भाग एकदा कोरडेच जुळवून पाहावेत.

एका गोष्टीचा येथे मुद्दाम उल्लेख करावयास हवा. घराच्या किंवा शाळेच्या भिंतीस पडलेली भेग ही गोंदाने वा लांबीने बुजविण्याची वस्तू नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात उमरगा व लोहारा परिसरातील आणि शेजारच्या औसा परिसरातील दगडमातीच्या जाड भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. त्या भिंतींत दगड होते, पण दगडांस धरून ठेवणारा पक्का सांधा नव्हता. भेग वरून झाकली म्हणजे धोका नाहीसा होत नाही, तो केवळ दिसेनासा होतो. भेगेवर काचेची लहान पट्टी दोन्ही बाजूंस घट्ट बसवून तिच्याजवळ तारीख लिहून ठेवावी. पट्टी तडकली तर भेग वाढत आहे असे समजून अभियंत्यास विनाविलंब बोलवावे.

चिकटलेले काढताना

तेर ही संतश्रेष्ठ गोरोबाकाकांची भूमी. संतमंडळींची डोकी थापटण्याने ठोकून कच्चे मडके कोणते व पक्के कोणते याची त्यांनी घेतलेली परीक्षा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. गोंद काढणाऱ्यानेही हीच रीत पाळावी. कोणताही द्रव वापरण्यापूर्वी वस्तूच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर तो थेंबभर लावून पाहावा. काही मिनिटांत रंग उतरला नाही, पृष्ठभाग मऊ वा फिका पडला नाही, तरच पुढे जावे.

दुसरा नियम सौम्याकडून उग्राकडे जाण्याचा. प्रथम बोटाने किंवा लाकडी पट्टीने अलगद काढून पाहावे. मग कोमट साबणपाणी, मग खाद्यतेल, मग स्पिरिट, आणि सर्वांत शेवटी अॅसिटोन किंवा थिनर, हा क्रम सोडू नये. द्रव लावल्यावर त्यास काम करण्यास वेळ द्यावा. जोर लावल्याने जेवढी हानी होते तेवढी वाट पाहिल्याने होत नाही.

स्टीलच्या नव्या भांड्यावरील कागदी चिठ्ठी काढण्यासाठी भांड्यात गरम पाणी भरून पाच-दहा मिनिटे ठेवावे. चिठ्ठी कोपऱ्यातून उचलून सावकाश ओढावी. उरलेल्या चिकट थरावर करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल चोळून थोड्या वेळाने साबणाने धुवावे. तारेच्या घासणीने चकाकी जाते.

आरशावरील टिकल्यांचा गोंद, खिडकीच्या काचेवरील चिठ्ठ्या यांसाठीही तेल व साबणपाणी पुरते. काच कठीण असल्याने ओल्या पृष्ठभागावर पाते आडवे धरून गोंद खरवडता येतो. प्लास्टिकच्या पारदर्शक पत्र्यावर किंवा चष्म्याच्या प्लास्टिक भिंगावर मात्र पाते वा अॅसिटोन मुळीच वापरू नये. पाते चरे पाडते व अॅसिटोन अनेक प्लास्टिकांस विरघळविते.

आपल्याकडील घरांत व शाळांत शहाबादी फरशी सर्रास आढळते. ही फरशी चुनखडीच्या दगडाची असते. व्हिनेगर, लिंबाचा रस किंवा संडास स्वच्छ करण्याचे आम्ल तिच्यावर पडल्यास दगडाचा पृष्ठभागच खाल्ला जातो व पांढुरका डाग कायम राहतो. इतर पृष्ठभागांवर निर्धोक ठरणारा व्हिनेगर येथे वर्ज्य समजावा. फरशीवर पडलेला पांढरा गोंद कोमट पाण्याचे फडके पसरून मऊ करावा व लाकडी पट्टीने काढावा. स्वयंपाकघरातील काळ्या कडप्प्याच्या ओट्यासही हाच नियम लागू आहे.

भिंतीवरील जाहिराती व भित्तिपत्रके खळीने लावलेली असतील, तर ओले पोते किंवा फडके काही वेळ त्यांवर दाबून धरावे, म्हणजे कागद पापुद्र्यासारखा निघतो. चुना किंवा डिस्टेंपर दिलेल्या भिंतीचा रंगही पाण्याबरोबर थोडा जातो, हे गृहीत धरावे. सार्वजनिक मालमत्तेचे विद्रूपण रोखण्यासाठी राज्यात १९९५ चा अधिनियम आहे. पण शाळेच्या भिंतीवर सूचनाफलकासाठी जागा नेमून दिली, तर खरवडण्याचा प्रसंगच पुष्कळसा टळतो.

पॉलिश केलेल्या लाकडावर स्पिरिट किंवा थिनर वापरल्यास पॉलिशच विरघळते. तेथे तेलावरच थांबावे. सुती कापडावर पांढरा गोंद पडल्यास सुकण्यापूर्वी थंड पाण्याने धुवावा. सुकला असेल तर कोमट साबणपाण्यात बराच वेळ भिजत ठेवावा. रबरी सोल्यूशनचे डाग टर्पेंटाइनने मऊ होतात. नंतर कापड साबणाने धुवून उघड्या हवेत वाळवावे. इपॉक्सी एकदा घट्ट झाल्यावर घरगुती द्रवांना दाद देत नाही. तो ओला असतानाच स्पिरिटच्या फडक्याने पुसणे हाच त्यावरचा खरा उपाय होय.

झटपट गोंद बोटांस लागून बोटे एकमेकांस चिकटली, तर ती ओढून वेगळी करू नयेत, कातडी सोलवटते. कोमट साबणपाण्यात बोटे बुडवून ती हळूहळू एकमेकांवर फिरवावीत. हा गोंद डोळ्यात गेल्यास डोळा न चोळता, पापण्या बळेच न उघडता, स्वच्छ कोमट पाण्याने धुवावा व तत्काळ वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जावे. डोळ्याजवळ कोणतेही द्रावक नेऊ नये. सुती किंवा लोकरी कापडावर हा गोंद मोठ्या प्रमाणात सांडल्यास त्याची क्रिया इतक्या वेगाने होते की चटका बसण्याइतकी उष्णता निर्माण होते, म्हणून तो कापसाने टिपू नये.

जुनी कागदपत्रे व छायाचित्रे

आता आरंभीच्या रजिस्टराकडे वळू. पारदर्शक चिकटपट्टीवरील गोंद कालांतराने हवेतील प्राणवायूमुळे बदलतो. प्रथम तो पातळ व तेलकट होऊन कागदाच्या तंतूंत मुरतो, मग पिवळा व तपकिरी होतो, आणि शेवटी कडक होऊन पट्टी सोडून देतो. तोवर डाग कागदाचाच भाग झालेला असतो. म्हणून जतन करावयाच्या कागदास चिकटपट्टी लावू नये, हा पहिला नियम. पूर्वी लावलेली पट्टी ओढून काढू नये, हा दुसरा. पट्टीबरोबर अक्षरे येतात. त्यावर तेल, स्पिरिट किंवा पेट्रोल लावण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. दौतीची शाई पाण्याने पसरते, आणि बॉलपेनची शाई व शिक्क्याची शाई स्पिरिटने. सर्वप्रथम पानाचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे. मग पान दोन स्वच्छ कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवावे आणि पुढील काम जाणकारांवर सोपवावे. पुराभिलेख संचालनालयाचे कार्यालय छत्रपती संभाजीनगर येथेही आहे. तेथे मार्गदर्शन मागता येईल.

मूळ प्रमाणपत्रांचे गरम लॅमिनेशन करून घेण्याची पद्धतही सोडून द्यावी. उष्णतेने चिकटलेले ते प्लास्टिक कागदास इजा न करता काढणे जवळजवळ अशक्य असते. प्लास्टिकच्या साध्या उघड्या पाकिटात प्रमाणपत्र ठेवल्याने तेच संरक्षण मिळते आणि ते हवे तेव्हा बाहेरही काढता येते.

भिंतीवरील जुन्या तसबिरीतील छायाचित्र दमटपणामुळे काचेस चिकटलेले आढळते. जुन्या छायाचित्रावरील थर जिलेटिनचा, म्हणजे सरसाच्याच कुळातला असतो. ओल लागली की तो मऊ होतो व काचेस धरतो. ते ओढून काढू नये. काचेतूनच त्याचे उत्तम छायाचित्र घ्यावे आणि मूळ चित्र काचेसह जपून ठेवावे. नव्या तसबिरीत काच व छायाचित्र यांमध्ये कडेने जाड कागदाची चौकट घातली, तर हा प्रसंग येत नाही.

मग फाटलेले पान जोडावे तरी कशाने? जगातील मोठमोठ्या ग्रंथालयांत यासाठी पातळ, लांब तंतूंचा जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. हे गव्हाचे सत्त्व आपल्यास परके नाही. कुरडया करण्यासाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतात, तेच ते. वरचे पाणी ओतून तळाशी बसलेला पांढरा चीक दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने निवळून घ्यावा. मीठ घालू नये. एक भाग चिकास पाच-सहा भाग पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळीत तो पारदर्शक होईपर्यंत शिजवावा, थंड करून फडक्यातून गाळावा व दोन दिवसांत संपवावा. पूर्वी पुस्तके बांधणारे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत. ते विषारी आहे, आणि त्यातील तांबे कागदास हळूहळू जाळते, म्हणून जतनाच्या कामी ते वापरू नये. शाळेच्या वाचनालयातील फाटकी पुस्तके या खळीने व पातळ कागदाच्या पट्टीने शिक्षकांस सहज जोडता येतील. पट्टी कात्रीने न कापता हाताने फाडावी, म्हणजे तिचे तंतू पानात मिसळून जातात. काम झाल्यावर पान टीपकागदात ठेवून वजनाखाली सुकू द्यावे. आणि हा जोड चुकला, तर थोड्याशा ओलाव्याने तो पुन्हा सुटतो. अमूल्य दप्तरांवर मात्र प्रथमच हात चालवू नये. आधी रद्दी कागदावर हात बसवावा.

सावधगिरी

थिनर, अॅसिटोन, टर्पेंटाइन व पेट्रोल यांची वाफ सहज पेट घेते. चूल, शेगडी, देवघरातील समई किंवा विडी यांच्या जवळपास ती उघडू नयेत. दारे-खिडक्या उघड्या ठेवून काम करावे. दोन द्रव एकत्र मिसळू नयेत, आणि शीतपेयाच्या बाटलीत भरून तर कधीच ठेवू नयेत. रबरी सोल्यूशन व तत्सम द्रव्ये हुंगण्याच्या व्यसनास काही मुले बळी पडतात. शाळेतील अशा वस्तू कुलपात असाव्यात व त्यांचा हिशेब एका शिक्षकाकडे असावा.

ग्रामपंचायती व शाळा यांचे कार्य

या विषयासाठी स्वतंत्र निधीची गरज नाही. ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या कपाटाच्या दारावर तीन ओळींची सूचना लावता येईल: दप्तरास चिकटपट्टी लावू नये, मूळ कागदाचे लॅमिनेशन करू नये, फाटलेल्या पानाचे आधी छायाचित्र घ्यावे. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, जुनी रजिस्टरे काढून पाहावीत आणि सुटे झालेले पान त्याच जागी कागदी वेष्टनात ठेवावे. शिक्षकांना कार्यानुभवाच्या तासास विद्यार्थ्यांकडून चिकाची खळ करून घेता येईल. त्यातून विज्ञानाचा पाठही होईल आणि वाचनालयाची दुरुस्तीही.

ज्या शिक्षकाने त्या रजिस्टराचे पान चिकटपट्टीने जोडले, त्यास दोष देण्याचे कारण नाही. फाटलेले पान पाहून त्याचा हात पुढे आला, ही त्याची आस्थाच होती. त्याच्या हाताशी चिकाची वाटी आणि पातळ कागदाची पट्टी असती, तर त्या शेतकऱ्यास आजोबांचे नाव आज पुरते वाचता आले असते. पुढे येणाऱ्या नातवंडांसाठी तरी ही वाटी आपल्या शाळांत व कार्यालयांत ठेवणे आपल्याच हाती आहे.